गॉब्लिन शरण आलाय हो, आता काय करायचं?

ऐकलंत का? तिशी ओलांडलेली, चांगल्या पगाराची, घराचे हप्ते वेळेवर भरणारी माणसं शनिवारी रात्री दार लावून बसतात आणि पहाटे दोनपर्यंत भांडतात. दारूवरून नाही, पैशावरून नाही, कुणाच्या बायकोवरून तर अजिबातच नाही. भांडण कशावरून, तर हातपाय बांधून पुढ्यात टाकलेल्या एका गॉब्लिनला ठार मारणं नीतीला धरून आहे की नाही, यावरून! गॉब्लिन म्हणजे टोकदार कानांचा, बुटका, चिडका राक्षस. तो नाहीच. कधी नव्हता. ज्याने तो दहा मिनिटांपूर्वी जन्माला घातला तो समोर बसून वेफर्स खातोय. तरी एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून म्हणते, “अरे, तो शरण आलाय रे!”

बाई बाई बाई. आमच्या वेळी पोरं बिघडायची त्याला काही एक रीत होती. सिगरेट, तीन पत्ती, मॅटिनी. आता बिघडून बिघडून कुठे पोचली, तर नीतिशास्त्रात!

या व्यसनाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. लाडाने डी अँड डी. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात. त्यातला एक डंजन मास्टर, म्हणजे डीएम. तोच सूत्रधार, तोच गावकरी, तोच राक्षस आणि पाऊस पाडायचा तर तोही त्यानेच. बाकीच्यांचं प्रत्येकी एक कॅरेक्टर: कुणी चेटकीण, कुणी चोर, कुणी तलवारबाज. डीएम सांगतो समोर काय दिसतंय, खेळाडू सांगतात आम्ही काय करतो, आणि जमलं की फसलं ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. इथवर सगळं सोज्वळ. पण काहीही करायची मुभा आहे म्हटल्यावर माणूस काय करतो? जे घरी करता येत नाही ते. सराईवाल्याचा गल्ला मारतो, पहारेकऱ्याचा गळा चिरतो आणि राजाला तोंडावर शिव्या घालतो. या जातीच्या खेळाडूंना त्यांच्यातलेच लोक ‘मर्डरहोबो’ म्हणतात. घर ना दार, नातं ना गोतं. दिसला की मारायचा, मेला की खिसे चाचपायचे, की चालले पुढच्या गावाला. अशा टोळीला आवरायचं कसं, हा या खेळातला पन्नास वर्षांचा वाद. आणि त्यातल्या भानगडी कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

मूळ पुरुषापासून सुरुवात करू. गॅरी गायगॅक्स. राहणार लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन, अमेरिका. हा गृहस्थ आधी विमा कंपनीत अंडररायटर होता. नोकरी गेली तेव्हा तळघरात बसून लोकांचे बूट दुरुस्त करायला लागला आणि उरलेल्या वेळात लढायांचे खेळ रचायला. जोडीला मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन. १९७४ साली दोघांचा खेळ खोक्यात घालून बाजारात आला: पहिली आवृत्ती हजार प्रतींची, किंमत दहा डॉलर. त्या पहिल्या नियमपुस्तिकेतच प्रत्येक प्राण्याला पक्ष नेमून दिलेला होता. लॉ, न्यूट्रॅलिटी, केऑस. व्यवस्थेच्या बाजूचे, अराजकाच्या बाजूचे आणि मधले. बरं, ही कल्पना तरी स्वतःची? तीही उसनी! पोल अँडरसनच्या ‘थ्री हार्ट्स अँड थ्री लायन्स’ या कादंबरीतून आणि मायकेल मूरकॉकच्या एल्रिकच्या कथांमधून उचललेली. तेव्हा यात चांगलं-वाईट असा हिशोब नव्हताच. युद्धात कोण कुणाच्या बाजूने उभा राहणार, एवढाच प्रश्न. आणि गंमत बघा, त्या यादीत ऑर्क नावाचा राक्षस दोन रकान्यांत होता, मधल्यांतही आणि अराजकवाल्यांतही. माणूस तर तिन्ही रकान्यांत. म्हणजे पहिल्याच दिवशी कारकुनाने प्रामाणिकपणे लिहून ठेवलं होतं की यांचा काही भरवसा नाही. तिथेच थांबला असता तर पुढचं रामायण टळलं असतं.

पण विमा कंपनीतला माणूस तो! तक्ते वाढवल्याशिवाय राहतो होय? १९७६ मध्ये त्याने चांगलं आणि वाईट ही दुसरी जोडी आणली आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ घरांचा पट मांडून मोकळा झाला. लॉफुल गुडपासून केऑटिक इव्हिलपर्यंत. याला म्हणतात अलाइनमेंट. कॅरेक्टर तयार करतानाच सांगायचं, हा कुठल्या घरातला. खरी चव पुढेच आहे. प्रत्येक अलाइनमेंटला स्वतःची गुप्त भाषा होती म्हणे! लॉफुल गुड मंडळी परक्या मुलखात भेटली तर आपसात लॉफुल गुडमध्ये बोलणार. दुष्टांची दुष्टभाषा वेगळी. आणि वाकडं पाऊल पडून माणसाचं घर बदललं की जुनी भाषा साफ विसरायची. काल फडाफडा बोलत होता, आज तोंड उघडलं तर शब्द नाही. झाली की नाही गावभर अब्रू?

एवढ्याने भागलं नाही. १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये डीएमला सल्ला होता की प्रत्येक कॅरेक्टरच्या चालचलणुकीचा आलेख ठेवावा, कुठे सरकतोय यावर नजर ठेवावी. रेषा ओलांडली की शिक्षा: एक आख्खी लेव्हल कापायची. लेव्हल म्हणजे काय ते नुसतं ऐकून कळायचं नाही. महिनोन् महिने खेळून मिळवलेली कमाई असते ती. म्हणजे डीएम हा खेळगडीही आणि चित्रगुप्तही. बरं, कुणाचं घर कुठलं हे ठरवायचं कुणी? त्यानेच. अपील? त्याच्याकडेच.

आणि सगळ्यात जाच पॅलाडिनला. पॅलाडिन म्हणजे देवाच्या नावाने लढणारा सोवळ्यातला योद्धा. त्या काळचे नियम बघा: लॉफुल गुडच हवा, जादूच्या वस्तू दहापेक्षा जास्त बाळगायच्या नाहीत, मिळकतीचा दहावा हिस्सा दान, वाईट माणसांबरोबर उठबस नाही. हातून बेशिस्त घडली तर वरच्या पायरीच्या पुरोहितासमोर कबुली आणि प्रायश्चित्त. पण जाणूनबुजून एक दुष्कृत्य केलं तर पॅलाडिनपण कायमचं गेलं. उरलेला जन्म साधा शिपाई. आता मला सांगा, माणसाला असं धुतल्या तांदळासारखं ठेवलं की बाकीचे काय करणार? त्याला पाडायलाच टपणार! तेच झालं. एका दोरीला राजाचा मुलगा लटकलाय, दुसऱ्या दोरीला गावचा विहीरवाला, एकच वाचेल, कुणाला वाचवतोस, असले पेच काढून डीएम लोकांनी कितीतरी पॅलाडिनांची वाट लावली. कुठलंही उत्तर दिलं तरी पाप ठरलेलंच. मला तर यात सरळ सरळ सासुरवास दिसतो. अशा सुनांनी मग जी वाट धरायची तीच पॅलाडिनांनी धरली: नियमावर बोट ठेवून सगळ्या घरादाराला छळायची. चोराने खिशात हात घातला, पॅलाडिन उभा. चेटकिणीने थाप मारली, पॅलाडिन उभा. अशांना ‘लॉफुल स्टुपिड’ म्हणायची पद्धत पडली ती उगाच नाही.

ड्रुइडांची तर तऱ्हाच निराळी. हे निसर्गाचे पुजारी, यांना पूर्ण तटस्थ राहायची सक्ती. १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत पुस्तकातच उदाहरण आहे: दुष्ट नॉल लोकांचा बंदोबस्त करायला ड्रुइड सरदाराच्या बाजूने लढेल, पण नॉल पार संपायला आले की समतोल बिघडू नये म्हणून बाजू सोडेल, नाहीतर थेट पलीकडच्या बाजूला जाईल! पक्षांतराला तात्त्विक बैठक म्हणतात ती ही. तेही छापील.

म्हणजे इकडे नीतीचा असा पोलिसी कारभार आणि बाहेर जगात बोंब काय? तर ही पोरं सैतानाची पूजा करतात! १९७९ मध्ये मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीतला एक सोळा वर्षांचा हुशार मुलगा बेपत्ता झाला. शोधायला आलेल्या खाजगी डिटेक्टिव्हने तर्क लढवला की विद्यापीठाखालच्या वाफेच्या बोगद्यांत तो हा खेळ खेळताना हरवला असावा. झालं, वर्तमानपत्रांनी उचललं. मुलगा नंतर सापडला, कारणं वेगळी आणि त्याच्या मनातली होती, पण तोवर खेळाच्या नावाने शिक्का बसून गेला होता. त्यावरून रोना जॅफेने ‘मेझेस अँड मॉन्स्टर्स’ कादंबरी लिहिली, १९८२ मध्ये तिच्यावर टीव्हीसाठी सिनेमा निघाला आणि त्यात खेळापायी भ्रमिष्ट होणारा मुलगा कोण झाला होता ठाऊक आहे? टॉम हँक्स! १९८४ मध्ये जॅक चिक नावाच्या ख्रिस्ती प्रचारकाने या खेळाविरुद्ध चित्रांची पुस्तिका काढली, तिच्यात मुलीचं कॅरेक्टर आठव्या लेव्हलला पोचलं की तिला खरीखुरी जादू शिकवायला सुरुवात होते. माझ्या भाच्याचं कॅरेक्टर अकराव्या लेव्हलला आहे. त्याला अजून कुकरची शिट्टी नीट बसवता येत नाही.

एका गोष्टीपाशी मात्र जीभ आवरते. व्हर्जिनियातल्या पॅट्रिशिया पुलिंग यांच्या मुलाने १९८२ मध्ये आत्महत्या केली. त्या आईने खेळाला दोष दिला, १९८३ मध्ये खेळाविरुद्ध संघटना काढली, ती कोर्टात गेली. दावे टिकले नाहीत. तिच्या दुःखाची चेष्टा करायची नाही. पण ते दुःख पुढे करून ज्यांनी खेळाच्या नावाने आपली दुकानं मांडली, त्यांची करायला हरकत नसावी. कारण ज्याला सैतानाचा दूत म्हटलं तो गायगॅक्स सत्तरच्या दशकात यहोवाज विटनेस पंथाचा माणूस होता! आणि त्याचं पाप काय, तर त्याने सद्वर्तनाचा आलेख ठेवायला सांगितला. खेळ काढणारी कंपनी घाबरली ती घाबरलीच. दुसऱ्या आवृत्तीतून मारेकरी हा कॅरेक्टरचा प्रकार गेला, ‘डेमन’ आणि ‘डेव्हिल’ ही नावं गेली, त्यांना ‘तानारी’ आणि ‘बाटेझू’ म्हणायला लागले. शिंगं तीच, शेपटी तीच, दारावरची पाटी नवी. कंपनीच्या जेम्स वॉर्डने पुढे स्वतःच लिहून टाकलं की चिडलेल्या आयांच्या पत्रांना कंटाळून हे केलं. कोणत्या आईचं समाधान झालं असेल देव जाणे.

आता हात धुऊन घेते आणि डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

कोथरूडला भाच्याच्या फ्लॅटवर हा खेळ चालतो, डीएम तोच. तिथे मी अधूनमधून डबा घेऊन जाते. मला पाहिलं की मंडळी “मावशी, आज काय?” करत डब्यावर तुटून पडतात आणि मग मला कोपऱ्यातली खुर्ची मिळते. त्या रात्री गॉब्लिनांच्या टोळीने गावची गुरं पळवली होती. लढाई झाली, गॉब्लिन पडले, एक जिवंत सापडला. त्याने टोळीचा ठावठिकाणा सांगितला आणि बदल्यात प्राण मागितले. चोर झालेला मुलगा, हा दिवसा बँकेत कर्जवसुलीचं बघतो, म्हणाला, “माहिती मिळाली ना? संपवा. सोडला तर जाऊन टोळीला सावध करेल.” मुद्दा बिनतोड. पॅलाडिन झालेली मुलगी वकील आहे. ती म्हणाली, “मी त्याला शब्द दिलाय.” चोर म्हणाला, “तू दिलायस. मी नाही.” आणि फासा हातात घेतला.

इथे जुन्या काळचा डीएम असता तर कान टवकारून, पेन्सिल सरसावून बसला असता. पाडतो आता हिला! भाच्याने काय केलं? वेफर्सची पिशवी खाली ठेवली आणि पॅलाडिनला विचारलं, “तुझ्यासमोर हे होतंय. तुझी शपथ तुला पाठ आहे. तू काय करतेस?” बस. शिक्षा नाही, धमकी नाही, आधी सूचना. मग चोराकडे वळून, “आणि तू. हा काय वयाचा असेल म्हणतोस?” चोर जरा थबकला. “मला काय माहीत?” “तू चोर आहेस, माणसं ओळखणं तुझा धंदा आहे. फासा टाक.” फासा पडला, सतरा. भाचा म्हणाला, “माणसाच्या हिशोबात तेरा-चौदा.”

टेबलावर अशी शांतता पसरली की मला फ्रिजचा आवाज ऐकू आला. मग जो गोंधळ झाला! चेटकीण म्हणाली बांधून बरोबर न्या. बरोबर नेला तर खायला कोण घालणार? सोडला तर गावकऱ्यांना काय तोंड दाखवणार? तेवढ्यात कुणीतरी महाभारत काढलं. अश्वत्थामा मेल्याची ती अर्धवट बातमी द्रोणांना देईपर्यंत युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा आणि त्या क्षणी खाली टेकला, तो काय पॅलाडिन पडला म्हणायचा की नाही? वकीलबाई उसळल्या: “पडला, पण राजा राहिला ना? लढाई जिंकला ना? रथ फक्त बाकीच्यांसारखा चालायला लागला!” चोर म्हणतो, “मग कृष्णाला कुठल्या घरात टाकणार?” इथे मी कोपऱ्यातून “अरे देवाला तरी सोडा!” म्हणून ओरडले, पण माझं कोण ऐकतंय. साडेबाराला कृष्णाची अलाइनमेंट काढायला बसलेली ही पोरं. नऊच्या नऊ घरांतून फिरवून आणला त्याला.

आणि गॉब्लिन? त्याला गुराखी म्हणून गावात ठेवून घेतला. गुरं त्यानेच पळवली होती, म्हणजे ओळखीची.

तुम्हाला वाटेल हा गॉब्लिनाचा कळवळा आजकालच्या पोरांचं फॅड. छे! तो किडा गायगॅक्सनेच सोडलेला. ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ नावाचं त्याने लिहिलेलं खेळाचं तयार कथानक आहे, नवशिक्यांच्या खोक्यात यायचं, त्यामुळे अमेरिकेतल्या पोरांच्या पिढ्या त्यावर पोसल्या. त्यात राक्षसांच्या गुहांचं वर्णन करताना यांत इतके लढवय्ये, इतक्या बायका आणि इतकी लहान मुलं, असा आकडेवार तपशील दिलाय. खजिन्याची मोजदाद असते तशी लेकरांची मोजदाद. मग बाप्यांना मारून आत शिरलेल्या पॅलाडिनापुढे कोपऱ्यात थरथरणारी ऑर्कची पोरं उभी राहिली की त्याने करायचं काय? पुस्तक गप्प. म्हातारपणी, २००५च्या सुमाराला, चाहत्यांनी गायगॅक्सलाच छेडलं तर त्याने पॅलाडिनाला मोकळीक देऊन टाकली, आणि आधार कुणाचा घेतला? कर्नल चिव्हिंग्टनचा. १८६४ मध्ये सँड क्रीकला शायेन आणि अरापाहो या आदिवासी लोकांच्या बायकामुलांची कत्तल करणारा तो. हे मी नाटकीपणाने ‘अय्या’ म्हणत सांगत नाहीये. ऐकून खरंच अंगावर काटा आला. ज्या माणसाने सज्जनांसाठी स्वतंत्र भाषा काढली, त्याच्या सज्जनपणात शत्रूच्या पोराला जागा नव्हती.

म्हणून असेल, पण चक्रं उलटी फिरली. २००८च्या चौथ्या आवृत्तीत नऊ घरांची पाच झाली आणि ‘कुठल्याच घरात नाही’ म्हणायची सोय आली. २०१४च्या पाचव्या आवृत्तीत नऊ घरं परतली, पण दात काढून. घर बदललं म्हणून लेव्हल कापणं नाही, पॅलाडिनाला लॉफुल गुडची सक्ती नाही, फक्त स्वतः घेतलेली शपथ. पूर्वी पॅलाडिन दारात उभा राहून ‘डिटेक्ट इव्हिल’ टाकायचा आणि आत कोण दुष्ट ते कळायचं, की काढली तलवार. आता जवळपास त्याच नावाच्या मंत्राने भुतं, पिशाच्चं, देवदूत असले अमानवी जीव तेवढे कळतात. शेजारचा सावकार दुष्ट आहे का, हे त्याच्याशी बोलूनच शोधायचं. काय कटकट! २०२० मध्ये तर कंपनीने जाहीर केलं की ऑर्क किंवा ड्राव नावाचे काळे एल्फ जन्मतःच दुष्ट असं यापुढे मानायचं नाही. त्यावर जुन्या खेळाडूंनी असा गदारोळ केला की विचारू नका. मारायला कुणी उरलंच नाही म्हणे! शहाण्यांनो, ज्याने गुरं पळवली त्याला मारा की. फक्त आधी विचारा, पळवली का.

पुस्तकाने अंग काढून घेतल्यावर कारभार आला टेबलावर. नवी फॅशन आहे ‘सेशन झीरो’. खेळ सुरू करण्याआधी एक बैठक. कशा प्रकारची गोष्ट हवी, आपसात चोऱ्या चालतील का, छळाचे प्रसंग दाखवायचे की नुसते सुचवायचे, कुठल्या विषयाला हातच लावायचा नाही, सगळं आधी बोलून घ्यायचं. टेबलावर एक्स लिहिलेलं कार्ड ठेवतात; प्रसंग सोसवेनासा झाला की कार्डाला बोट लावायचं, गाडी पुढे, कारण विचारायचं नाही. ज्यांना वीस वर्षांच्या संसारात हे जमलं नाही त्यांनी हसू नये.

कारण या खेळातलं सगळ्यात जुनं ढोंग इथेच उघडं पडतं. टोळीतला चोर मित्राचीच अंगठी लांबवतो आणि वर साळसूदपणे म्हणतो, “मी नाही रे, माझं कॅरेक्टरच तसं आहे.” वा! कॅरेक्टर काय आभाळातून पडलं? बनवलं कुणी? नाव ठेवलं कुणी? ज्या टेबलांवर हे वाक्य चालत नाही, तिथला खेळ टिकतो, एवढं मी कोपऱ्यातल्या खुर्चीवरून पाहिलंय. भाचा त्यावर एकच प्रश्न विचारतो: “ठीक आहे, अंगठी घेतलीस. आता हे पाच जण तुला बरोबर का ठेवतील, ते सांग.” चोराला उत्तर सापडेपर्यंत चहा होतो. शिवाय डीएमच्या हाती दुसरं हत्यार असतंच, गाव. एका सराईत मारामारी केली की पुढच्या सराईत दर दुप्पट. पहारेकऱ्याला मारलं तर त्याचा भाऊ तीन महिन्यांनी, नेमका लग्नाच्या मांडवात उगवतो. पापाची शिक्षा आभाळातून न पडता शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून आली की खेळाडू कुरकुर करत नाहीत. उलट खूश होतात. आपण केलेलं कुणाच्या तरी लक्षात राहिलं, याचं माणसाला केवढं अप्रूप!

मला विचाराल तर मात्र खरी चावट युक्ती ग्रेग स्टॅफोर्डची. १९८५ मध्ये त्याने आर्थर राजाच्या सरदारांवर ‘पेंड्रॅगन’ नावाचा खेळ काढला. त्यात नऊ घरं वगैरे काही नाही. गुणदुर्गुणांच्या तेरा जोड्या: दयाळू-क्रूर, उदार-स्वार्थी, विरक्त-विषयासक्त अशा. प्रत्येक जोडीची बेरीज वीस. दयाळूपणा तेरा, तर क्रौर्य सात. आणि सुंदर यजमानीण रात्री दार ठोठावते तेव्हा सरदाराने काय करायचं ते खेळाडू एकटा ठरवत नाही. फासा टाकून बघावं लागतं, आज याचा संयम पुरतो का! खेळाडू म्हणतोय, माझा सरदार तसा नाही हो. फासा म्हणतो, आहे. इतकं खरं मी नीतीच्या कुठल्याही पुस्तकात वाचलं नाही. पण कॅरेक्टरवरचा ताबा सुटतो म्हणून आमच्या मंडळींना तो खेळ फारसा रुचत नाही. चालायचंच. आपला मोह फाशाने चारचौघांत वाचून दाखवलेला कुणाला आवडेल?

आणि आता ताजी बातमी, अगदी गरमागरम. आमच्या मंडळींना सज्जनपणाचा कंटाळा आला. काही जण ‘बाल्डर्स गेट ३’ हा कॉम्प्युटरवरचा खेळ खेळून बिघडलेत. तिथे पॅलाडिनाने शपथ मोडली की काळ्या चिलखतातला एक सरदार भेटायला येतो आणि मोहरा मोजल्या की मोडलेली शपथ परतही मिळते. तेव्हापासून यांचं चाललं होतं, या वेळी आपण सगळे दुष्ट व्हायचं. रीतसर दुष्टांचं कॅम्पेन, म्हणजे मोहीम. मारेकरी, विषकन्या, मढी उठवणारा मांत्रिक. मी कानांवर हात ठेवले आणि अर्थातच डबा घेऊन गेले.

सेशन झीरो चार तास चालला. पहिला ठराव, आपसात दगा करायचा नाही, नाहीतर दुसऱ्याच शनिवारी खेळ बंद पडेल. दुसरा, लूट समान वाटायची; हिशोब वकीलबाई ठेवणार, कारण विषकन्या त्याच झाल्यात. तिसरा, लहान मुलांच्या वाटेला जायचं नाही. चौथा, कुत्र्यामांजरांना धक्का लावायचा नाही. हा एकमताने, टाळ्यांच्या गजरात. मांत्रिकाने विचारलं, मढी उठवायच्या आधी नातेवाइकांची परवानगी लागेल का? त्यावर पाऊण तास. शेवटी ज्यांचे नातेवाईक सापडत नाहीत तेवढीच उठवायची, असं ठरलं. मारेकरी म्हणाला, मी सुपारी घेईन, पण समोरच्याने काय केलंय ते आधी कळल्याशिवाय नाही. कर्जवसुलीवाल्याचा जुना चोर यात कुठेच बसेना. त्याने नवं कॅरेक्टर काढलं: क्रूर सेनापती, गावंच्या गावं जाळणारा. भाच्याने विचारलं, “सैन्य किती?” “पाचशे.” “पगार कोण देणार?”

सेनापती गेले दोन शनिवार गावागावांतून शेतसारा वेळेवर कसा गोळा करता येईल याची योजना मांडतोय. दुष्काळ पडलेल्या गावांना सूट आहे.